एक ते चार

स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्याला मनापासून आवडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ऊन. कोवळं वगैरे नव्हे. दुपारी एक ते चारचं, रस्त्यावरचं डांबर मऊ करणारं ऊन. ते मिळालं की तो असे चकचकीत फोटो काढतो, की लाखाचा कॅमेरा बाळगणाऱ्यानेही ‘कुठला हो हा?’ म्हणून विचारावं. अडचण एवढीच, की आपल्याकडे त्या वेळात फोटो काढण्यासारखं काही घडतच नाही. पुण्यात तर त्या वेळात काही घडू नये अशी जनतेचीच इच्छा असते. दुकानं बंद, माणसं आडवी, कुत्री गाड्यांखाली. तशातही कोणी कॅमेरा घेऊन बाहेर पडलाच, तर त्याच्या वाट्याला गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि कडुनिंबाखाली उभी असलेली रिक्षा. हे दोन्ही फोटो मात्र अप्रतिम येतात.

आपलं फोटो काढण्यासारखं सगळं घडतं ते काळोखात. काकड आरती पहाटे. अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत. देव गाभाऱ्यात, तोही समईच्या उजेडात. गोरज मुहूर्त तिन्हीसांजेला, हळदीकुंकू दिवेलागणीनंतर, कोजागिरी मध्यरात्री आणि विसर्जनाची मिरवणूक रात्रभर. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच सुरू व्हायच्या आधी सभागृहातले दिवे जातात. वाढदिवसाचा केक कापायची वेळ आली, की इतका वेळ गप्प बसलेली एखादी आत्या नेमकी उठते आणि ट्यूबलाइट बंद करते. राहता राहिले ट्रेक. तर तेही आपण आषाढ-श्रावणात, ढगात शिरून करतो. जपानमध्ये बसून ज्या इंजिनिअरांनी हे कॅमेरे घडवले, त्यांच्या टेबलावर कोणीतरी एक पंचांग नेऊन ठेवायला हवं होतं.

हा खिशात मावणारा कॅमेरा मराठी घरांत शिरला तो साधारण २००४-०५ पासून. पहिल्या पिढीचे कॅमेरे बहुधा अमेरिकेहून आले. चिरंजीव सॅन होजेहून किंवा न्यू जर्सीहून सुट्टीला येताना बदाम, चॉकलेटं आणि कॅमेरा घेऊन येत. बदाम संपत, चॉकलेटं शेजारी जात आणि चार्जरच्या दोन चपट्या पिना आपल्याकडच्या गोल भोकांत जात नाहीत हा शोध चिरंजीवांचं विमान उडाल्यावर लागे. काहींनी तो मुंबईच्या बोरा बाजारातून घेतला. तिथे ‘कितीला?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून आधी ‘बिलासकट की बिलाशिवाय?’ असा उलट प्रश्न येई आणि आयुष्यभर इमानेइतबारे आयकर भरलेला सरकारी नोकर क्षणभर खाली बघे.

जपानला कंपनीच्या कामासाठी गेलेल्यांचा प्रकार निराळा. तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत भाषा एकच असे, जपानी. आमच्या ओळखीतल्या एका काकांना असा कॅमेरा जावयाने दिला होता. जावयाने दिलेली वस्तू वापरता येत नाही असं म्हणायची सोय नाही. काकांनी सगळा मेनू आकारावरून पाठ केला. ‘वरून तिसरं, झोपडीसारखं दिसतं ना, ते दाबलं की फ्लॅश बंद’ असं ते आम्हाला शिकवत. एकदा काशीहून परत येताना त्यांनी झोपडीऐवजी झोपडीच्या शेजारचं अक्षर दाबलं. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’सुद्धा जपानीतच होतं. काशीला गेल्यावर काहीतरी सोडून यायचं असतं म्हणतात. काकांनी सगळे फोटो सोडले.

कॅमेरा घेताना मालकाने पाहिलेली गोष्ट एकच असे: मेगापिक्सेल. भिंग कसलं, आत चकती केवढी, अंधारात काय होतं, हे विचारणारा माणूस दुकानदारालाही संशयास्पद वाटे. ‘आमचा पाचचा’, ‘आमचा सातचा’ असं लोक जिन्यात एकमेकांना ऐकवत. दहाचा घेणाऱ्याच्या चालण्यात फरक पडे. दहा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी ठिपके. आता हे एक कोटी ठिपके तो पाहत कुठे असे? घरच्या संगणकावर. त्या काळच्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर साधारणपणे १०२४ गुणिले ७६८ ठिपके मावत, म्हणजे आठ लाखांनाही थोडे कमीच. उरलेले ब्याण्णव लाख ठिपके त्या घराने कधी पाहिलेच नाहीत. आणि फोटोच्या दुकानातून चार बाय सहाची उत्तम प्रत काढून घ्यायला वीस-बावीस लाख ठिपके पुरतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा अल्बमपुरता पुरेसा होता. पण दोनचा कॅमेरा घेऊन लग्नाला जायचं कसं? मुलीकडचे काय म्हणतील?

खरी गोम होती ती आत, भिंगाच्या मागे, प्रकाश टिपणाऱ्या चकतीत. तिला सेन्सर म्हणतात. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर सहा मिलिमीटरही रुंद नसे; तुरीच्या डाळीचा एक दाणा समजा. क्षेत्रफळ काढलं तर फिल्मची चौकट त्याच्या सुमारे ३५ पट भरते. त्या एका दाण्यावर कंपन्या दरवर्षी आणखी लाखो ठिपके कोंबत होत्या. ठिपके वाढले तसा प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड घटत गेला. उन्हात हे खपून जाई, कारण उन्हात सगळ्यांनाच पोटभर. संध्याकाळ झाली की टंचाई सुरू. मग कॅमेरा आपल्या मनानेच आयएसओ वाढवी, म्हणजे मिळालेल्या तुटपुंज्या संकेतावर आवाज चढवून तो मोठा करी, आणि त्याबरोबर खरखरही मोठी होई. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका रवाळ दिसत. त्यात पिवळ्या दिव्याखाली कॅमेऱ्याला पांढरा रंग कुठला तेच कळत नसे, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या फोटोंत हळद नक्की नवरीला लागली की सगळ्या वऱ्हाडाला, हे सांगता येत नसे.

यावर उपाय म्हणून कंपनीने फ्लॅश दिला होता. स्वस्त कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन मीटर, फार तर साडेतीन मीटर जातो. हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पुस्तिका खोक्यात असते. त्यामुळे चौदाव्या रांगेत बसलेला बाबा रंगमंचावरच्या आपल्या ससुल्याचा फोटो फ्लॅश मारून काढतो. फ्लॅश तिसऱ्या मीटरवर इमानाने पोहोचतो. तिथे बाराव्या रांगेतल्या एका गृहस्थांचं टक्कल असतं. ते तेजाने न्हाऊन निघतं आणि त्याच्या पलीकडे मिट्ट काळोख. त्यातच बाबांनी झूम केलेलं असतं. या भिंगांचं असं आहे, की झूम पूर्ण ताणला की आत येणारा उजेड साधारण चौथाईवर येतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा तिथे सगळ्यात कमी. अशा वेळी कॅमेरा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बाबांचा हात हलतो, ससुला आधीच हलत असतो. शाळेच्या गॅदरिंगचे असे फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नातवंडांना दाखवताना ‘हा तुझा बाबा’ असं ठामपणे सांगावं. कोणी खोडून काढू शकणार नाही.

रात्रीच्या क्रिकेट सामन्याला प्रेक्षागारातून लुकलुकणारे ते हजारो फ्लॅश आठवतात? फलंदाज तिथून शंभर पावलांवर, स्टेडियमचे प्रकाशझोत आधीच त्याच्यावर रोखलेले, आणि वरच्या मजल्यावरून आपला एक माणूस त्याला तीन मीटरचा उजेड पाठवतोय. या सद्भावनेची नोंद कुठेच झालेली नाही.

लाल डोळे हा फ्लॅशचाच दुसरा प्रताप. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे उजेड सरळ बुबुळातून आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावर आपटतो आणि तसाच परत येतो. मुंजीच्या फोटोत बटूपासून भटजींपर्यंत सगळे राक्षसगणी. यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती अशी: आधी एक-दोन बारीक झोत टाकायचे, म्हणजे बाहुल्या आकसतील, आणि मग खरा फ्लॅश. युक्ती शास्त्रीय होती. पण आपल्याकडे फ्लॅश चमकला म्हणजे फोटो झाला, हा दृढ समज. पहिल्या झोताला सगळे ‘झालं!’ म्हणून मोडत. मामी पदर सोडून ताटाकडे वळे, काका नाक खाजवत, पोरं पळत आणि नेमका त्या क्षणी खरा फोटो निघे. एका पिढीचे समूहफोटो असे पांगापांगीचे आहेत. माझ्या मते तेच चांगले आहेत. आधीच्या पिढीच्या फोटोंत सगळे पोलिसांनी बोलावल्यासारखे उभे असतात.

धूळ, धूप आणि पावसाचे थेंब हेही फ्लॅशला विशेष प्रिय. भिंगाच्या अगदी जवळून जाणारा धुळीचा कण फ्लॅशमध्ये उजळतो आणि फोकसच्या बाहेर असल्यामुळे मोठ्या गोल पारदर्शक चकतीसारखा दिसतो. देवळात गुलाल, अंगारा, उदबत्ती आणि भक्तांची ये-जा यामुळे असे कण भरपूर. परिणामी कित्येक घरांत देवाच्या मूर्तीभोवती तेजाचे गोळे तरंगत असलेला फोटो चौकटीत बसवून लावलेला आहे. एका काकूंना मी हे कणांचं प्रकरण समजावून सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “अरे, मग तुझ्या फोटोत का नाही आले?” माझ्याकडे उत्तर होतं, मी फ्लॅश बंद ठेवला होता. पण माझ्या फोटोत देवही नीट आला नव्हता.

बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत एक काळ जात असे. कॅमेरा आधी फोकस शोधी, भिंग पुढे-मागे गुरगुरे, मग उजेड मोजे आणि मग निघे. बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं असतं, ही विद्या मालकाला माहीत असे. पण मालकालाही फोटोत यायचं असल्यामुळे कॅमेरा तो परक्या माणसाच्या हाती देई. गडावर, समुद्रावर, हॉटेलात हा संवाद ठरलेला: “दादा, एक फोटो काढता? हे बघा, आधी अर्धं दाबायचं, हिरवं झालं की पूर्ण.” दादा पूर्ण दाबत. अर्धं दाबणं ही कल्पनाच मराठी माणसाला पटत नाही. लग्नात या विलंबाने खरा घात केला. अंतरपाट दूर होण्याचा क्षण टिपायला घराघरांतले हौशी कॅमेरे सरसावलेले असत. अल्बममध्ये दोनच प्रकारचे फोटो आहेत: एकात नुसता अंतरपाट, दुसऱ्यात अक्षता टाकून जेवायला निघालेली मंडळी. मधलं काही कोणाकडेच नाही.

दृश्यप्रकारांच्या, म्हणजे सीन मोडच्या, चकतीवर तर मी एक प्रबंध लिहू शकेन. तिच्यावर सगळ्यांत आधी हिमवर्षाव. अकोल्यात मे महिन्यात एखाद्या मालकाचा अंगठा चुकून त्यावर जाई आणि घरचे फोटो पांढरेफट्टक येत. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांत बाळासाठी वेगळी सोय होती, आणि तीही एका नव्हे, दोन बाळांसाठी. जन्मतारीख भरली की फोटोबरोबर वय कळे. आपल्याकडे बाळाचं वय सांगायला घरात एवढी माणसं असतात, की या सोयीची गरज कोणालाच भासली नाही. ऑलिम्पसने काही कॅमेऱ्यांत काचेपलीकडच्या वस्तूंसाठी, जेवणाच्या ताटासाठी आणि चक्क लिलावात मांडायच्या मालासाठी वेगळे प्रकार दिले होते. सोनीने २००७ मध्ये माणूस हसला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आणला. तो एका मित्राने आपल्या आजोबांसमोर धरला. आजोबा पोस्टातून निवृत्त. कॅमेऱ्यासमोर हसणं हा पोरकटपणा, अशा मताचे. कॅमेरा वाट पाहत राहिला. आजोबाही. शेवटी ‘काय रे, बिघडलाय का?’ असं आजोबांनी विचारलं तेव्हा मागे उभी असलेली आजी हसली आणि कॅमेऱ्याने आजीचा फोटो काढला.

पण हिमवर्षावाला मी उगीच नावं ठेवली. तो प्रकार करतो एवढंच, की समोर पांढरं फार आहे असं धरून फोटो थोडा जास्त उजळ काढतो, नाहीतर पांढऱ्याचं करडं होतं. आता आपल्याकडे पांढरं फार कुठे असतं? आषाढी वारीत. माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा घाटाची सगळी वळणं पांढऱ्या सदऱ्यांनी आणि टोप्यांनी भरतात. तिथे हिमवर्षाव लावणारा माणूस शहाणा. शिवाय पालखी घाट चढते ती दुपारनंतर. म्हणजे साध्या कॅमेऱ्याची दखल घेणारा महाराष्ट्रातला एकमेव सोहळा वारकऱ्यांनी, तेही कॅमेऱ्याचा शोध लागायच्या कितीतरी आधी, सुरू करून ठेवला होता.

कोजागिरीच्या बाबतीतही असाच एक गैरसमज आहे. रात्री बारा वाजता गच्चीवर आटीव दूध घेऊन जमलेली सोसायटी चंद्राचा फोटो काढते आणि फोटोत एक पांढरा गोळा येतो. फोटो काळोखात काढला म्हणून तो खराब आला, असं सगळे समजतात. खरं उलटं आहे. चंद्र दिसतो तो त्याच्यावर सूर्याचा प्रकाश पडतो म्हणून; कोजागिरीच्या रात्री आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर भर दुपार असते. कॅमेरा बिचारा भोवतालचं काळंभोर आकाश बघून घाबरतो आणि शटर उघडं ठेवतो, तेवढ्यात चंद्र जळून जातो. चंद्राचा फोटो काढायला कॅमेऱ्याला सांगावं लागतं, की बाबा, दुपार आहे. आणि ते सांगण्याची सोय, म्हणजे शटरचा वेग आणि भिंगाचं छिद्र हाताने ठरवायची, स्वस्त कॅमेऱ्यात बहुधा नसते.

सेलविषयी बोलायचं टाळत होतो, पण मालकांचं निम्मं आयुष्य त्यात गेलं आहे. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुधा पेन्सिल सेल लागत, दोन किंवा चार. कुठेही मिळतात, हे खरेदीच्या वेळचं समर्थन. मिळत कुठेही, चालत कुठेच नसत. भिंतीवरचं घड्याळ वर्षभर चालवणारा साधा सेल कॅमेऱ्याला एकदम लागणारा जोर देऊ शकत नाही. भिंग बाहेर येतं, फ्लॅश भरायला लागतो आणि पडद्यावर ‘बॅटरी बदला’ अशी आज्ञा होते. मग भिंग जाईल तेवढं आत जातं आणि त्याच्यावरचं दार अर्धवट उघडं राहतं. सहलीला निघालेल्या मालकाने हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी टपरीवर सेल घेतले, की कोकणकड्यावर पोहोचेपर्यंत ते संपलेले. तिथे मग ज्ञानी लोक आपापले इलाज सांगत. सेल पँटीवर घासा. जागा बदला. दाताने जरासे चावा. हमखास इलाज एकच, पिढ्यानपिढ्यांचा: सेल उन्हात ठेवा. रिमोटचे ठेवतो तसे. कोकणकड्यावर श्रावणात ऊन कुठून आणणार, हा प्रश्न विचारायचा नसतो.

पुन्हा भरता येणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल आले तेव्हा वाटलं, सुटलो. पण जुन्या प्रकारच्या त्या सेलांना नुसतं ठेवून चालत नसे. न वापरताही ते आपोआप रिकामे होत. दिवाळीला पूर्ण भरून कपाटात ठेवलेले सेल संक्रांतीला बोरन्हाणासाठी काढावेत, तर मेलेले. बाळाच्या डोक्यावरून बोरं ओतणारी आजी पातेलं उचलून उभी, आणि बाबा सेल चावतोय.

हा सेलांचा रोग मूळचाच आहे. जगातला पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअराने १९७५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत बनवला. वजन साडेतीन किलोहून अधिक, फोटोत ठिपके फक्त दहा हजार, फोटो साठवायला गाण्याची असते तशी कॅसेट आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्याला सेल लागत होते १६. सोळा! कोकणकड्यावर सोळा सेल चावणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात.

फोटो काढल्यावर तो लगेच मागे पडद्यावर दिसणं ही या कॅमेऱ्याची खरी करामत. फोटो काढायला दोन सेकंद, बघायला दहा मिनिटं. सगळे मालकाभोवती जमत. ज्याचे डोळे मिटलेले त्याचा पुन्हा काढायचा, आणि वहिनींचा तर काढलेला प्रत्येक फोटो पुसून टाकायचाच. अडीच इंची पडद्यावर सगळंच रेखीव दिसे, त्यामुळे फोटो हलला आहे हे घरी पोहोचल्यावर कळे. आणि इथे नियतीने शेवटचा दावा साधला होता. ज्या भर उन्हात हा कॅमेरा सर्वोत्तम फोटो काढतो, त्या उन्हात त्याचा पडदा दिसत नाही. पदराची सावली, टोपीची सावली, चुलत्यांच्या पोटाची सावली करून माणसं एकेक करून आत डोकावत. दिसायचं काय, तर आपलंच तोंड, काचेत.

तारखेचा घोळ थोडक्यात सांगतो. सेल बराच वेळ बाहेर राहिले की काही कॅमेरे काळवेळ विसरून कारखान्यातल्या तारखेला परत जात. फोटोवर कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापायची हौस मालकाला असेच. त्यामुळे आमच्या माहितीतल्या एका घराण्यात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, गोव्याची सहल आणि दोघांच्या मुंजी, सगळं १ जानेवारीलाच झालेलं आहे. पुढे कधी इतिहासकारांच्या हाती हे लागलं, तर त्या दिवसाला काय महत्त्व होतं यावर वाद होतील. फोटो साठवायचं मेमरी कार्ड भरलं की सायबर कॅफेत जाऊन सीडी करून घ्यायची, हाही त्या काळच्या सहलींचा एक भाग होता. गणपतीपुळ्याला दर्शनापेक्षा सायबर कॅफेची रांग मोठी. कार्ड परत मिळे ते ‘न्यू फोल्डर’ नावाच्या व्हायरससकट, आणि तो मग घरच्या संगणकात प्रसाद म्हणून वाटला जाई.

कॅमेऱ्याला मरण येई ते बहुधा वाळूने. मुरुडला नाहीतर अलिबागला भिंगाच्या नळीत एक कण शिरला की ती खर्रकन आवाज करून अडके आणि कायमची जांभई दिल्यासारखी उघडी राही. दुरुस्तीचा खर्च विचारला की काउंटरपलीकडचा मुलगा सांत्वनाच्या सुरात नव्या कॅमेऱ्यांचं पत्रक पुढे करी. वाळूतून वाचलेले पावसाळ्यात बुरशीने गेले. बुरशी होऊ नये म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवणारे मालक मी पाहिलेत, आणि कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवणारेही. एका घरी त्या डब्यातला भात आठवडाभर खाल्ल्यावर मेमरी कार्ड सापडलं होतं. फोटो शाबूत होते.

मोठा कॅमेरा घेतला तर हे सगळं सुटतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी गुढीपाडव्याला डोंबिवलीची शोभायात्रा पाहून यावी. भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा १००० डॉलरच्या आत पहिल्यांदा आला तो २००३ मध्ये, कॅननचा ३००डी. आणि पुढच्या दहा वर्षांत तो मराठी तरुणांच्या गळ्यात ताइतासारखा पडला. त्याचा सेन्सर तुरीच्या दाण्याच्या कितीतरी पट मोठा, अंधाराची भीती पुष्कळ कमी. मग हे तरुण काय करतात? नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या एका मुलीभोवती पंचवीस जण कोंडाळं करतात. पंचविसांकडे एकच भिंग, कॅमेऱ्याबरोबर खोक्यात आलेलं. पंचविसांचा फोटो एकच, कोपऱ्यातली नावं तेवढी वेगळी. त्या प्रत्येक नावापुढे ‘फोटोग्राफी’. मला विचाराल तर झोपडी पाठ केलेले काका यांच्यापेक्षा सरस होते. त्यांना आपल्याला काय येत नाही ते माहीत होतं.

आता हा सगळा बाजारच उठला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला बाहेर पडले होते; २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नव्हते. बाकीचं काम मोबाइलने गिळलं. मोबाइलचा सेन्सरही लहानच, पण तो भराभर अनेक फोटो काढून एकावर एक रचतो आणि काळोखात काकड आरती लख्ख दाखवतो. गाभाऱ्यात दुपार झालेली दिसते.

आणि नेमक्या अशा वेळी कॉलेजात जाणारी भाची येऊन म्हणते, “मामा, तुझा तो जुना डिजिकॅम दे ना.” तिला काय हवंय? पांढरेफट्टक चेहरे, मागे मिट्ट काळोख, लाल डोळे, कोपऱ्यात केशरी आकड्यांची चुकीची तारीख. आम्ही जे पुसत होतो ते सगळं. मोबाइलचे फोटो तिला ‘जास्तच नीट’ वाटतात. जुन्या बाजारात या कॅमेऱ्यांना गिऱ्हाईक मिळायला लागलं आहे. रात्रीच्या पार्टीत ती मुद्दाम फ्लॅश मारून, मुद्दाम तीन मीटरच्या आत उभी राहून फोटो काढते आणि ते सगळ्यांना आवडतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडून असेल तर तो विकायचा, द्यायचा की ठेवायचा हे सावकाश ठरवा. पण आधी त्यातले सेल काढा. ते वर्षानुवर्षं आत राहिले की गळतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमली असेल, तर कापसाच्या बोळ्याला लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब लावून ती हळूच पुसा आणि पट्ट्या चांगल्या वाळू द्या. हे काम दुपारी केलंत तरी चालेल.